शब्दओळख : ‘फ्योल्किश’

जर्मनीचा विसाव्या शतकातील इतिहास वाचताना ‘फ्योल्किश’ हे विशेषण वारंवार भेटते. त्याचे भाषांतर कोणी ‘राष्ट्रीय’ असे करतो, कोणी ‘लोकांचे’ असे. दोन्ही अर्थ अपुरे आहेत आणि त्यांतून जे निसटते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

मूळ नाम ‘फोल्क’, म्हणजे लोक, जनता. त्याला ‘इश’ हा प्रत्यय लागून हे विशेषण झाले. आपण ‘राष्ट्र’ला ‘ईय’ लावतो तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन मुळाच्या ‘नात्सिओनाल’ या शब्दाऐवजी अस्सल जर्मन शब्द हवा, म्हणून तो पुढे आणला गेला. परंतु ज्या मंडळींनी तो उचलला, त्यांच्या लेखी ‘फोल्क’ म्हणजे देशात राहणारे सगळे नव्हेत, तर एका रक्ताचे, एका वंशाचे लोक. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जर्मनीत राहणारे, जर्मनच बोलणारे ज्यूही त्यांनी परके ठरवले.

१९२० साली नाझी पक्षाने म्युनिकमधील एक वृत्तपत्र विकत घेतले. त्याच्या नावातच हे विशेषण होते : ‘फ्योल्किशर बेओबाख्टर’. जर्मन रक्ताचा असेल तोच नागरिक, असे कलम पक्षाच्या त्याच वर्षीच्या कार्यक्रमात होते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. पुढे सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली.

‘फोल्क’ हे नाम मात्र आजही रोजच्या वापरात आहे. लोकगीताला जर्मनमध्ये ‘फोल्क्सलीड’ म्हणतात. १९८९ साली लाइपझिगच्या रस्त्यांवर पूर्व जर्मनीतील नागरिकांनी ‘आम्हीच फोल्क आहोत’ अशी घोषणा दिली. तिचा रोख वंशावर नव्हता, सत्ताधाऱ्यांवर होता. ‘फ्योल्किश’ हा शब्द मात्र डागाळलेलाच राहिला. २०१६ मध्ये ‘एएफडी’ पक्षाच्या तत्कालीन सहअध्यक्ष फ्राउके पेट्री यांनी त्याला पुन्हा चांगला अर्थ मिळावा असे सुचवले, तेव्हा जर्मनीत तीव्र टीका झाली.

म्हणून मराठीत या शब्दासाठी ‘वंशाधिष्ठित राष्ट्रवादी’ असे लिहावे. नुसते ‘राष्ट्रीय’ लिहिले, तर वगळलेली माणसे वाचकाला दिसतच नाहीत. कोणत्याही भाषेत ‘लोक’ हा शब्द वाचाल तेव्हा त्यात कोणाची गणना केली आहे आणि कोणाची नाही, हे अवश्य विचारा.