गिटार घ्यायला जाल तेव्हा दुकानात काय वाजवाल?



नाताळ जवळ आला की वसतिगृहाच्या कार्यालयात एक फोन हमखास येतो. "आमच्या मंडळीतर्फे मुलांना गिटार द्यायची आहे. कोणती घेऊ?" पुढचा प्रश्न असतो, "दुकानात गेल्यावर ती चांगली आहे हे कळणार कसं?" फोनवर याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहितो.

आधी एक कबुली देतो. आमच्या उपासनेच्या खोलीत खिळ्याला दोन गिटारी टांगलेल्या आहेत. दोन्ही प्रेमाने आलेल्या, दोन्ही मुक्या. पहिलीच्या तारा गळ्यापासून इतक्या उंच की दाबताना मोठ्या माणसाचीही बोटे दुखावीत. शिकायला बसलेल्या सहा मुलांपैकी पाच जणांनी पंधरा दिवसांत नाद सोडला. सहावा बोटांना चिकटपट्टी लावून आणखी आठवडाभर येत राहिला. आपल्यालाच जमत नाही, असे त्या मुलांना वाटले. दोष गिटारीचा आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. माझ्याही ते उशिरा लक्षात आले. दुसरी गिटार नायलॉनच्या तारांची होती. तारा तुटल्यावर मी बाजारातून मिळाल्या त्या स्टीलच्या तारा आणून लावल्या. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोंचा असतो, नायलॉनचा जवळपास त्याच्या निम्मा. दोन महिन्यांत ब्रिज, म्हणजे खाली तारा अडकवायची लाकडी पट्टी, उखडून आली. ती चूक सर्वस्वी माझी.

तिसरी गिटार घ्यायची ठरली, तेव्हा मी अधिक सावध होतो. नववीतल्या एका मुलीला बरोबर घेतले. संध्याकाळच्या उपासनेत तीच वाजवणार होती. जव्हारहून सकाळच्या एसटीने आम्ही नाशिकला गेलो.

दुकानात बहुतेक जण एक चूक करतात, आणि चांगला वाजवणाराही तिला अपवाद नाही. आपल्याला जे सर्वांत छान येते, तेच तो वाजवतो. आजूबाजूला लोक असतात, शेजारी कॉलेजचा एखादा मुलगा सफाईने बोटे पळवत असतो, आपणही कमी नाही असे दाखवावेसे वाटते. पण भरभर वाजवलेल्या शंभर स्वरांत एक बेसूर स्वर लपून जातो. अशा वेळी आपण गिटारीची परीक्षा घेत नसतो, आपलीच देत असतो. आम्हाला हवी होती चाळीस मुलांच्या गाण्यामागे, वीज गेलेल्या खोलीत, तीन-चार सोप्या कॉर्ड वाजवणारी गिटार. मग दुकानातही तेच वाजवायला हवे.

पण गाण्याआधी थोडे नीरस काम असते. पहिली गोष्ट, गिटार सुरात लावून मागा. मोबाईलवर ट्यूनर असतो, तो आपला आपण वापरावा. बेसूर गिटारीवरून कोणताच निर्णय करता येत नाही. लावताना खुंट्या कशा फिरतात ते पाहा. झटका देऊन फिरणारी किंवा सैल खुंटी वसतिगृहात रोज त्रास देणार. मग सहाही तारा मोकळ्या, एकेक करून छेडा आणि आवाज विरेपर्यंत थांबा.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेक स्वर वाजवा. गळ्यावर धातूच्या ज्या आडव्या रेघा असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपर्यंत 6 तारांचे 72 स्वर होतात. पाच मिनिटे लागतात आणि दुकानदार घड्याळाकडे पाहू लागतो, पाहू द्या. कुठे तार झरझरते का, एखादा स्वर मेल्यासारखा बंद पडतो का, ते याच पाच मिनिटांत कळते. आधी हळू वाजवा, मग जोरात. उपासनेत मुले जोरातच वाजवतात.

बारावी फ्रेट महत्त्वाची आहे, कारण ती तारेच्या जवळजवळ बरोबर मध्यावर येते. तिथे तारेला वरून नुसता स्पर्श करून छेडले की घंटेसारखा बारीक स्वर निघतो. मग तीच तार तिथे दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा लागत असेल, तर ती गिटार खालच्या बाजूला सुरात आणि वर गेल्यावर बेसूर वाजणार. ट्यूनर असल्यावर यासाठी तयार कान लागत नाही.

तारांची उंचीही याच ठिकाणी पाहावी. बाराव्या फ्रेटवर सर्वांत बारीक तारेखाली एक रुपयाची दोन नाणी एकावर एक सहज सरकत असतील, तर अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास आहे. नवशिक्या मुलासाठी ते फार झाले. दोन मिलिमीटर बरे. पण उंच तारा दिसल्या म्हणून गिटार लगेच नाकारू नका. पुष्कळदा दुकानातला कारागीर खालची पट्टी घासून तारा खाली आणून देतो. हे काम पैसे देण्याआधी करून घ्यावे.

आता गाणे. आपली बहुतेक मराठी उपासनागीते केरवा किंवा दादरा ठेक्यात बसतात, म्हणजे आठ किंवा सहा मात्रांत. दोन्ही ठेक्यांत एकेक ओळखीचे गीत, संथ, पूर्ण कडवे वाजवा. पहिली कॉर्ड सी. ती नीट लागली तर एफ, कारण तिथे पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. एफ मुलांना पहिल्याच दिवशी यावी अशी अपेक्षा नाही. पण तुम्हालाच ती लावायला जीव काढावा लागत असेल, तर गळ्याच्या वरच्या टोकाच्या खाचा उथळ आहेत. त्या गिटारीवर मूल कधीच एफपर्यंत पोचणार नाही.

बरोबर कापो न्या. हार्मोनियमवर गाणारी मंडळी पट्टी सांगतात ती 'काळी एक', 'काळी दोन', 'काळी चार' अशी. या पट्ट्या गिटारीवर थेट वाजवायला अवघड. पण पहिल्या फ्रेटवर कापो लावला की सी, डी आणि जी या सोप्या कॉर्ड अनुक्रमे काळी एक, काळी दोन आणि काळी चार होतात. गावातल्या भजनमंडळाबरोबर वाजवायचे तर हे रोजचेच. म्हणून दुकानातच कापो लावून तेच कडवे पुन्हा वाजवा. तारा उंच असतील तर कापोखाली त्या ताणल्या जातात आणि सूर चढतो.

एकदा गिटार दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः आठ-दहा पावले समोर जाऊन उभे राहा. गिटारीचा आवाज पुढे जातो. वाजवणाऱ्याला ऐकू येतो तो वेगळा. गाणारी मुले समोर असणार आहेत.

लाकडाबद्दल थोडक्यात. दुकानदार अखंड लाकडाच्या पृष्ठाची गिटार दाखवतील. तिचा आवाज खरोखरच भरदार असतो. पण आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल आणि मग कोरडा उन्हाळा. असे लाकूड फुगते, आकसते, चिरते. प्लायच्या पृष्ठाची गिटार आवाजाला थोडी कमी, पण टिकाऊ. माझे मत स्पष्ट आहे: वसतिगृहाला प्लायचीच द्या आणि वाचलेल्या पैशांत जादा तारा घ्या. आकारही फार मोठा नको. मोठ्या पोटाच्या गिटारीवरून बारा वर्षांच्या मुलाचा हात तारांपर्यंत जेमतेम पोचतो.

कोणी विचारतात, आदिवासी मुलांना गिटार कशाला, त्यांचा तारपा काय वाईट? मुळीच वाईट नाही. वाळलेला भोपळा आणि बांबू यांतून तसा आवाज काढणे गिटारीपेक्षा सोपे नाही. तारप्यावर नाचून वाढलेल्या मुलांच्या पायांत ताल आधीच असतो, त्यामुळे ठेका शिकवावा लागत नाही. सणाला तारपा वाजतोच. गिटार मुलांनीच मागितली होती.

आता नाशिकच्या दुकानाकडे परत येतो. आत वातानुकूलित थंडावा, काचा, भिंतीभर गिटारी. आमची मुलगी दाराशीच चपला काढून उभी राहिली. मी एक गिटार तिच्या हाती दिली. तिने एक कॉर्ड वाजवली आणि म्हणाली, "चांगली आहे, सर." दुसरी दिली. "चांगली आहे, सर." तिसरीलाही तेच. तेव्हा माझ्या लक्षात आले, की मिळालेली वस्तू नाकारता येते हे तिला ठाऊकच नव्हते. आजवर वह्या, गणवेश, चादरी, जे आले ते तिने हात जोडून घेतले होते.

मग मी प्रश्न बदलला. तिन्ही गिटारींवर तिला एकच कडवे वाजवायला सांगितले, रोज संध्याकाळी म्हणतो ते, आणि विचारले, "यातली कोणती परत ठेवू?" ती बराच वेळ गप्प होती. मग सर्वांत चकचकीत होती तिच्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "हिच्यावर बोट दुखतं." उरलेल्या दोन्हींवर तिने ते कडवे पुन्हा वाजवले, या वेळी गुणगुणत. दुसरी ठेवायला सांगताना तिचा आवाज थोडा मोठा झाला होता. "सर, ही जोरात वाजवली की खरखरते."

उरली ती मधल्या किमतीची, कडेला एक ओरखडा असलेली. ओरखड्यामुळे दुकानदाराने थोडे पैसे कमी केले. त्यात कापड, कापो आणि स्टीलच्या तारांचे दोन संच आले. कारागिराने तारा अर्ध्या मिलिमीटरने खाली घेऊन दिल्या. परतीच्या एसटीत गर्दी होती. मी गिटार वरच्या फळीवर ठेवू लागलो, तर ती म्हणाली, "नको सर, धक्क्याने सूर उतरेल," आणि जव्हारपर्यंत मांडीवर धरून बसली.