सुंभ, सोडा आणि सांधा

वेरूळच्या बौद्ध लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मातीत त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गिलावा इतका टिकला त्यात या तंतूंचा मोठा वाटा आहे आणि लेण्यातला दमटपणाही ते सांभाळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही. तिथे किडीने चित्रांचे फार नुकसान केले आहे.

ठिसूळ मातीला चिवट तंतूचा आधार देणे, म्हणजेच आजच्या भाषेत संमिश्र. मातीच्या जागी आता इपॉक्सी, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे रेझिन आले आणि भांगेच्या जागी ज्यूट, घायपात, केळीचे सोपट, काथ्या. अशा मालाविषयी पहिली तक्रार ठरलेली असते: ओल लागली की ताकद गेली. ही तक्रार खरी आहे. दोष मात्र तंतूच्या माथी मारला जातो, आणि ते मला पटत नाही.

अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवल्याशिवाय वाख सुटत नाही. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने मुरतात, मग बडवून त्यांचा काथ्या निघतो. काथ्याकूट हा शब्द आपण निष्फळ चर्चेसाठी वापरतो, पण त्या कुटण्यातून निघालेला सुंभ खाऱ्या पाण्यात होड्या बांधून ठेवतो. सुती धागा तर ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो. जन्मापासून पाण्यात वावरलेला हा तंतू प्लॅस्टिकमध्ये गेल्यावरच पाण्याला का हरतो?

तंतूचा कणा सेल्युलोजचा असतो. त्याच्या साखळीवर ठायी ठायी हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचा रेणू त्यांना बिलगतो. सर्वांत अधाशी असते हेमिसेल्युलोज. लिग्निन पाण्याला फारसा थारा देत नाही. ज्यूटच्या व्यापारात १०० किलो कोरड्या तंतूमागे १३.७५ किलो ओलावा मान्य धरतात; काचतंतू जवळजवळ काहीच पीत नाही. ज्यूटमध्ये लिग्निन १२-१३ टक्के, तर काथ्यात ४० टक्क्यांच्या घरात. काथ्या ओलीत टिकतो तो यामुळे. ताकदीचे गणित मात्र उलटे आहे. ज्यूटची ताणशक्ती साधारण ४०० ते ८०० मेगापास्कल, काथ्याची २०० च्या आत-बाहेर. काथ्यात सेल्युलोज कमी आणि त्याचे सूक्ष्म धागे स्प्रिंगसारखे तिरपे गुंडाळलेले, म्हणून तो ताणला जातो खूप, पण भार कमी पेलतो. काचतंतू २,००० च्या पुढे जातो, मात्र त्याची घनता २.५ आहे, ज्यूटची १.४ च्या आसपास.

खरी लढाई सांध्यावर होते. रेझिनवर आलेला भार तंतूपर्यंत पोचतो तो दोघांच्या चिकटलेल्या पृष्ठभागातूनच. तंतूला पाणी हवे, रेझिनला नको. मुळात सोयरीकच अवघड. पाणी शिरले की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, आडवा फुगतो, पावसाळ्यात चौकटीत अडकणाऱ्या दारासारखा. भोवतीच्या रेझिनला बारीक तडे जातात. मग तो वाळून आक्रसतो आणि मध्ये फट राहते. पुढचे पाणी त्या फटीतून सरळ आत जाते. कापलेली कड तर आणखी घातक. तंतू आतून पोकळ असतो. पणतीची वात तेल ओढते तसे ते उघडे टोक पाणी ओढून घेते. कडा रेझिनने बंद करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच घाईत राहून जातो.

दुसरा उपाय कॉस्टिक सोड्याचा. जॉन मर्सरने १८५० मध्ये सुतासाठी या प्रक्रियेचे पेटंट घेतले. पाचेक टक्क्यांच्या द्रावणात मेण आणि बरेचसे हेमिसेल्युलोज निघून जाते, तंतू खरबरीत होतो आणि रेझिन त्याला धरते. द्रावण कडक झाले किंवा वेळ लांबली की सेल्युलोजच झिजते. शिवाय ते सोड्याचे पाणी निष्प्रभ न करता ओढ्यात सोडले, तर ‘निसर्गस्नेही’ म्हणून विकलेल्या मालाला काय अर्थ उरला? पॉलिप्रॉपिलीनसाठी मला मॅलेइक अॅनहायड्राइडची वाट अधिक पटते. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीला जोडलेला हा गट तंतूच्या हायड्रॉक्सिलला धरतो आणि उरलेली साखळी प्लॅस्टिकमध्ये मिसळून जाते. तंतू दोनशे अंशांच्या वर करपू लागतो, त्यामुळे प्लॅस्टिकही कमी तापमानाला वितळणारेच निवडावे लागते.

ही नुसती प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही. मर्सिडीजने ए-क्लास मोटारीत जादा चाकाच्या खोबणीचे बाहेरचे आवरण अबाका या केळवर्गीय झाडाच्या तंतूपासून बनवले. रस्त्यावरचे खडे आणि चिखल अंगावर घेणारी ही जागा आहे.

आपल्याकडच्या मालाची परीक्षा मात्र अनेकदा २४ तास पाण्यात बुडवून वजन करण्यावर थांबते. पाणी किती प्यायले ते त्यातून कळते, सांधा किती सुटला ते कळत नाही. त्यासाठी फळी भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची आणि दर फेरीनंतर वाकवून तिची ताकद मोजायची. मृगापासून स्वातीपर्यंत ती कोकणातल्या एखाद्या अंगणात ठेवली, तर या फेऱ्या पाऊसच करून देईल.