एडिसनचे वार्तापत्र : मालक दूर, जबाबदार माणूस जवळ

अमेरिकेत घरमालकाला मोकळे रान असते आणि भाडेकरूला कोणी वाली नसतो, हा रत्नागिरीतील समज निदान न्यू जर्सी राज्यापुरता खरा नाही. येथील १९७४च्या कायद्यानुसार मालक स्वतः राहत नसलेल्या भाड्याच्या घराची नोंदणी करावी लागते आणि मालक त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, राहत नसेल, तर भाडेकरूची नोटीस व न्यायालयाचे समन्स स्वीकारू शकेल अशा स्थानिक व्यक्तीचे नाव-पत्ता नोंदीत द्यावा लागतो. अडीअडचणीला केव्हाही गाठता येईल आणि दुरुस्तीचा खर्च करू शकेल असा प्रतिनिधीही नोंदवावा लागतो. ही नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय न्यायालय मालकाला घराच्या ताब्याचा निकाल देत नाही.

महाराष्ट्राचा कायदाही भाडेकरूला विसरलेला नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच टाकली असून, नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूला ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश रकमेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. परंतु मालक सातासमुद्रापार असताना ही नोटीस बजावायची कोणावर? खालच्या आळीतील घराची कौले वैशाखात परतायची राहिली, मृगाच्या पहिल्या सरीला छप्पर गळू लागले आणि भाडेकरूने दुपारी १ वाजता मालकाला फोन लावला, तर न्यू जर्सीतील एडिसनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात; तिकडे फोन उचलला जाईपर्यंत इकडे घरातली सगळी पातेली गळतीखाली मांडून झालेली असतात, आणि शेजारच्या चुलत्यांकडे किल्ली असली, तरी खर्च करण्याचा अधिकार नसतो. उलट परदेशस्थ मालकाच्या भाड्यातून टीडीएस, म्हणजे भाडे देतानाच कर कापून सरकारजमा करण्याचे काम, कायद्याने भाडेकरूवरच सोपवले आहे.

न्यू जर्सीत जो नियम सक्तीने पाळावा लागतो, तो रत्नागिरीतील वडिलोपार्जित घरासाठी आपखुशीने पाळण्यास कोणताही कायदा आड येत नाही. परदेशस्थ मालकांनी गावातील एका विश्वासू माणसाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेण्याचा लेखी अधिकार, द्यावे, त्याचे नाव व फोन नंबर करारनाम्यात लिहावा, आणि हे काम यंदा कौले परतण्याआधी उरकावे.