खिडकी बंद करा, फोटो चाललाय

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेआठ. पणजीच्या फोंताइन्हास वाड्यात, 31 जानेवारी रस्त्याच्या एका बोळात, निळ्या भिंतीसमोर पिवळ्या गाऊनमधली एक मुलगी उभी आहे. लग्नाआधीचं शूट चाललंय. होणारा नवरा भाड्याच्या स्कूटरवर, नंबरप्लेट काळी, आकडे पिवळे. छायाचित्रकार रस्त्याच्या मधोमध गुडघे टेकून बसलाय, मदतनीस पोराने उजेड परतवणारा चंदेरी पडदा तिरका धरलाय. तेवढ्यात निळ्या भिंतीतली खिडकी उघडते आणि एक सुरकुतलेला हात ओला टॉवेल गजाला अडकवू लागतो.

“अंकल, दो मिनट विंडो बंद करो ना, फ्रेम में आ रहा है.”

हात थबकतो. टॉवेल आत जातो, खिडकी लागते. कुणाचा आवाज चढत नाही, कुणी कुणाला दुखवत नाही, आणि मला मात्र पोटात कालवल्यासारखं होतं. घर त्या माणसाचं, भिंत त्याची. ती खिडकी कधी उघडायची हे आता रस्त्यावरचा परका मुलगा ठरवतोय. रंग हवा आहे, आत राहणारा नको आहे.

मी पुढे चालते. या वाड्यात दार उघडलं की पाऊल थेट रस्त्यावर पडतं. मागे अल्तिनोची टेकडी, पुढे पाटोकडची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही घरं एकमेकांना खेटून उभी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या एका गोंयकाराची. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली आणि वस्ती दाट होत गेली. अंगणाला जागाच नव्हती, त्यामुळे अंगणात व्हायचं ते सगळं दारापुढच्या दोन पायऱ्यांवर आणि वरच्या लोखंडी कठड्याच्या सज्ज्यात व्हायचं. मासळी निवडणं, पोरांचे केस विंचरणं, संध्याकाळी समोरच्या घराशी गप्पा. रस्ता सरकारचा असला तरी ती पायरी गल्लीची बैठक होती.

आज मी त्या पायऱ्याच बघत चालले आहे. एकीवर क्रोटनच्या कुंड्या, इतक्या जवळजवळ मांडलेल्या की मध्ये मांजरही बसणार नाही. दुसरीला आडवी साखळी. तिसरीवर पाटी: फोटो काढू नका, हे खाजगी घर आहे. चौथं घर आता पाहुण्यांसाठी भाड्याने जातं. पायरी रिकामी आहे, तिथे एक कुटुंब रांगेने बसून फोटो काढून घेतंय. सज्ज्यांत माणूस दिसत नाही. एकात फक्त पडदा आहे, जाड, दुहेरी शिवलेला. हे बदल कुठल्याही नकाशात नोंदले जाणार नाहीत, पण रस्ता बदलतो तो असाच, एकेका कुंडीने.

पदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागच्या मोठ्या टोपलीवर निळं प्लास्टिक, हातात भोंगा. पों-पों. दोन घरांत पोई देतो, एका घरात उंडे, आणि उरलेल्यातला मोठा वाटा कोपऱ्यावरच्या कॅफेत. कॅफेची टेबलं भिंतीला लागून बाहेर मांडलेली आहेत. पदेर सायकल त्यांच्यामधून काढतो तेव्हा एक पर्यटक आनंदाने ओरडतो आणि फोन उचलतो. पदेर मान खाली घालून पायडल मारतो.

या गल्लीला पाहुण्यांमुळेच तग धरता आला, असं कुणी म्हटलं तर मी ते झटकून टाकणार नाही. जुन्या लाकडी वाशांची दुरुस्ती, पावसाळ्यानंतर दरवर्षी भिंती रंगवायची जुनी चाल, मंगलोरी कौलं बदलणं, हे पेन्शनवर होत नाही. कुलूप लागून छप्पर बसलेल्या घरापेक्षा चार खोल्यांचं गेस्टहाउस बरं. पण गेस्टहाउस वाढतात तसे शेजारी कमी होतात, आणि शेजारी नसले तर पायरीवर बसून बोलायचं कुणाशी?

सेंट सेबॅस्टियनच्या कपेलापुढे गाइडभोवती वीस-पंचवीस जण उभे आहेत. आतला क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, महालात होता, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, तो सांगतो. लोक मनापासून ऐकतात. मला हे आवडतं. माहिती घ्यायला आलेला माणूस पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारतो, असं मी इथे पुन्हापुन्हा पाहिलंय. अडचण आहे ती मागून येणाऱ्या मोटारींची. बोळ एका गाडीपुरता, त्यात दोन समोरासमोर, आणि हॉर्न.

हा प्रश्न फक्त इथला नाही. पॅरिसमधल्या र्यू क्रेमिअ या रंगीत घरांच्या गल्लीतल्या रहिवाशांनी 2019 मध्ये संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फाटक लावायची मागणी केली होती. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाने 2023 मध्ये सेल्फीच्या जागी तळ्याचा देखावाच झाकणारं लाकडी कुंपण घातलं आणि ओरड झाल्यावर काढलं. सोलच्या बुकचोन वस्तीत काही गल्ल्या पर्यटकांना संध्याकाळी पाच ते सकाळी दहापर्यंत बंद असतात. फाटक मला नको आहे. फोंताइन्हास तिकीट काढून बघायची जागा झाली तर उरलेले रहिवासीही जातील. पण शूटची परवानगी देताना त्या गल्लीतल्या घरांना विचारणं, सुटीच्या दिवशी बाहेरच्या मोटारी खाडीकाठी थांबवणं, आणि वाड्याच्या तोंडाशी स्वच्छ शौचालय, एवढं तर होऊ शकतं. शौचालयाचा मुद्दा मी उगाच काढत नाही.

कारण आत्ता समोर तेच चाललंय. गाइडच्या घोळक्यातली एक आजी मागे राहिली आहे. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर अवघडलेपण. ती कुंड्या मांडलेल्या दाराशी जाते आणि बेल दाबते. दारात आंटी येतात, फुलाफुलांचा गाऊन, गळ्यात बारीक क्रूस.

“फोटो ना,” आंटी आधीच सांगून टाकतात. “हें म्हजें घर, स्टुडिओ न्हय.”

“फोटो नको गं बाई,” आजी म्हणते. “सांगलीहून आलोय. बाथरूमला जायचंय. सकाळपासून कुठं सोयच नाही.”

आंटी क्षणभर बघतात. मग वाकून दोन कुंड्या बाजूला सरकवतात, आजीचा हात धरून तिला पायरी चढवतात. मी रस्त्यातच उभी, तर मलाही म्हणतात, “तूंय यो, वतांत कित्याक रावल्या?”

आत शिंपल्यांच्या तावदानांतून दुधाळ उजेड येतोय. भिंतीवर लग्नाचा जुना फोटो, कोपऱ्यात शिवणयंत्र. आंटी सांगतात, पूर्वी संध्याकाळी पायरीवर बसूनच शिवणाची टीप उसवायच्या, काजं करायच्या; उजेड चांगला असायचा. एकदा कुणीतरी त्यांचा सुई ओवताना फोटो काढला आणि तो सगळीकडे फिरला. त्यांच्या पुतण्याने परदेशातून पाठवला तेव्हा त्यांना कळलं. त्यानंतर कुंड्या आल्या.

“तुम्हाला कुणी विचारलं नाही?” मी.

“विचारलां जाल्यार हांव ना म्हणपाची ना गो.”

आजी बाहेर येते, पदराला हात पुसते, आणि भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोपुढे थांबते. मग पिशवीतून साधा फोन काढते आणि जरा बिचकतच विचारते, “तुमच्यासंगं एक काढू का? सुनेला दाखवीन म्हणते.”

आंटी आरशात बघून केस सारखे करतात. “काड. पूण पयलीं उदक पी.”