खिरापतीच्या डब्यातली संख्या

भोंडल्याची गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा, आवाज ऐकायचा आणि विचारायचं, “गोड की तिखट?”, “तळलेलं आहे का?” तिसरीच्या वर्गात मी त्याच डब्यात चिंचोके भरते. शंभरपर्यंत कितीही असू शकतात आणि मुलांच्या प्रश्नाला मी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. पहिल्या डावात “चाळीस?”, “त्र्याऐंशी?” असे नेम मारणं चालतं. दोन-तीन डावांनंतर कुणीतरी “पन्नासपेक्षा जास्त आहेत का?” असं विचारतं आणि फळ्यावरचे अर्धे आकडे एका फटक्यात पुसले जातात. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग फार तर तेरा, सात, चार, दोन, एक. नीट विचारलं तर सात प्रश्नांत संख्या सापडतेच. एकदा, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीनं दुसराच प्रश्न टाकला, “सम आहे का?” त्यानंही उरलेले आकडे निम्मे झाले. हे मी शिकवलं नव्हतं.

सणाच्या निमित्ताने वर्गात घ्यायच्या गणिती कोड्यांबद्दल शिक्षकखोलीत आणि पालकसभेत जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, हे मला अशा डावांतून कळत गेलं.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की सणाचं चित्र काढलं म्हणजे कोडं सणाचं झालं. मोदकाच्या चित्रात ७ + ८ लिहायचं, पणतीत १२ – ५, आणि उत्तर आलं की रंग भरायचा. रंगवायला मुलांना आवडतं, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण मोदक पुसून टाकला तरी ७ + ८ तसंच राहतं. म्हणजे सणाने गणिताला काही दिलं नाही. मी एकच कसोटी लावते: सण काढून घेतला तर कोडं उभं राहतं का? भोंडल्याची रीत घ्या. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढत जातं. मग नवरात्राच्या नऊ दिवसांत एकूण किती गाणी झाली? मुलं आधी बोटांवर मोजतात, आठव्या-नवव्या दिवशी चुकतात. मग कुणी पहिला दिवस नवव्याशी जोडतं, दुसरा आठव्याशी. दहा, दहा, दहा, दहा आणि मधला एकटा पाचवा दिवस, म्हणजे ४५. जिथे हस्त नक्षत्राचे सोळा दिवस हादगा खेळतात तिथे सतराच्या आठ जोड्या होतात, म्हणजे १३६. पुढे शिष्यवृत्तीच्या पुस्तकात ‘त्रिकोणी संख्या’ म्हणून जे धडकी भरवतं, ते इथे फेर धरून आलेलं असतं. गणपतीचे २१ मोदकही त्यातलेच. खालच्या ओळीत सहा, वर पाच, चार, तीन, दोन आणि शेंड्याला एक, अशी ओळीने मांडणी करून पाहा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गाच्या फरशीवर ठिपक्यांची रांगोळी घालायला देते. १, ३, ५, ७ आणि परत ५, ३, १. एकूण ठिपके किती, हा प्रश्न सोपा आहे: २५. मग अट घालते, दोनच रंगांचे खडू घ्यायचे आणि आडव्या-उभ्या शेजारच्या ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. रंगवून झालं की टोकांच्या रंगाचे ठिपके भरतात १६ आणि मधल्या ठिपक्याच्या रंगाचे ९. मागच्या वर्षी एक मुलगा मान तिरकी करून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “बाई, हा तर चार-चारचा चौकोन आहे, आणि त्याच्या भोकांत तीन-तीनचा बसलाय.” अगदी बरोबर. सोळा म्हणजे चार चोक, नऊ म्हणजे तीन त्रिक. ते दोन चौकोन त्या रांगोळीत आधीपासून होते. आमच्या घरांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं उंबऱ्यापुढे ते हाताने मांडले आणि त्याला कुणी गणित म्हटलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“खेळत बसलो तर पोर्शन कधी संपणार?” ही शिक्षकांची खरी काळजी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण खेळाने तास वाया जातो हे खरं नाही. वहीत लपून राहणारी चूक खेळात उघडी पडते. डब्यात एकोणसत्तर चिंचोके होते तेव्हाची गोष्ट. आकडे पुसता पुसता शेवटी ६९ आणि ७१ एवढे दोनच उरले. “सत्तरच्या पुढे आहे का?” मी म्हटलं, “नाही.” निम्म्या वर्गाने एकोणसत्तर पुसून टाकायला सांगितला, कारण कानाला ‘सत्तर’ ऐकू येतं आणि मुलांना वाटतं तो सत्तराच्या घरातला. आपल्या भाषेत एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे सगळे पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागे उभे असतात. उजळणी घडाघडा म्हणणाऱ्या मुलांची ही अडचण मला वर्षभर दिसली नव्हती, ती त्या पाच मिनिटांत दिसली. पुढचा अख्खा आठवडा आम्ही एकोणांवर घालवला आणि तो पोर्शनच होता.

कोडं म्हणजे शर्यत, जो पहिला ओरडला तो हुशार, हाही समज घट्ट बसलेला आहे. घड्याळ लावलं की ज्या मुलाला गणिताची भीती वाटते त्याच्या डोक्यातली जागा त्या भीतीनेच व्यापली जाते, आकडे धरून ठेवायला ती उरत नाही. म्हणून मी बक्षीस पहिल्या उत्तराला देत नाही, वेगळ्या रीतीला देते. २४ पणत्या सारख्या रांगांत मांडायच्या असतील तर एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, चोवीस अशा आठ तऱ्हेच्या रांगा होतात. सावकाश काम करणारी मुलं इथे हमखास पुढे असतात. आणि ‘झटपट गणितं सोडवून झाली त्यांनी कोडी घ्या’ ही वाटणी तर मला अन्यायाची वाटते. मागे राहिलेल्या मुलाच्या वाट्याला मग फक्त उदाहरणं येतात.

खेळातून गणित ही बाहेरून आलेली नवी टूम आहे, असं म्हणणाऱ्यांनी ‘लीलावती’ उघडून बघावी. भास्कराचार्यांनी ती ११५० साली लिहिली. तिच्यात भुंग्यांचं कोडं आहे: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेतच घोटाळतोय. तीन, पाच, सहा आणि एक मिळून भुंगे पंधरा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

साहित्याबद्दल दोनच शब्द. चिंचोके, खडू, जुनी दिनदर्शिका एवढ्यावर भागतं, प्रिंटरची गरज नाही.

राहिला तो सगळ्यांत नाजूक समज, की सणाचं कोडं एकाच धर्माच्या मुलांचं असतं. माझ्या वर्गात गणेशचतुर्थीची वाट बघणारी मुलं आहेत तशी ईदची वाट बघणारीही आहेत. म्हणून चौथीला मी तारखांचं कोडं देते. गणेशचतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. मधले दिवस मोजा. उत्तरं येतात ३८४, ३५४, ३५४, ३८३. आता रमजान ईद: २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. मधले दिवस ३५५ आणि ३५४. म्हणजे दोन्ही सण चंद्राच्या बारा महिन्यांनी चालतात. मग ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडेच का सरकत जाते आणि गणपती मध्येच एकदम पुढे का उडी मारतो? ३८४ मधून ३५४ वजा करा, तीस येतात. मुलं दिनदर्शिकेची पानं उलटतात आणि त्यांना २०२३ चा अधिक श्रावण सापडतो, २०२६ चा अधिक ज्येष्ठ सापडतो.

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी एक गट फळ्यापाशीच होता. २०२७ ला गणपती कधी, याचा अंदाज ते लिहीत होते. एकाने अकरा दिवस वजा करून ३ सप्टेंबर लिहिलं. दुसऱ्याने ईदच्या ३५५ कडे बोट दाखवून ४ सप्टेंबर लिहिलं. मी दोन्ही तारखा पुसल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पंचांग घेऊन यायला सांगितलं.