लांबीखालचा गंज

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात तो ७०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. मावळ तालुक्यात घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जाताना हा फरक पावलोपावली जाणवतो, आणि तो जसा भाताच्या खाचरांवर दिसतो तसाच लोखंडावरही दिसतो. पावसाळ्यात घाटमाथ्याची हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ पोलाद फार सावकाश गंजते. आर्द्रता त्याहून वाढली की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे पावसात न भिजताही, नुसत्या दमट हवेत, लोखंड गंजू शकते.

अशा हवेत एखादी जुनी मोटार ठेवली तर तिचे काय होते, आणि ती पुन्हा चांगली करायची तर काय करावे लागते, हे या लेखात पाहू. मोटार हे आपले उदाहरण असले तरी यातील रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शाळेच्या पत्र्याच्या छपराला, पाण्याच्या टाकीला आणि पुलाच्या तुळईलाही लागू आहे.

मोटारीचा पत्रा हाच तिचा सांगाडा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही मोटार तयार होत असे. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ती आली. १९७० च्या दशकात तीच गाडी प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची झाली. या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आता या गाड्या हौसेने जपल्या जातात.

ट्रकला खाली जाड पोलादी चासी असते आणि तिच्यावर सांगाडा बसवलेला असतो. फियाटला अशी वेगळी चासी नाही. पत्रा वाकवून केलेल्या पोकळ पेट्या, जमिनीचा पत्रा, दारांमधले खांब आणि छप्पर हे सर्व एकमेकांना वितळजोडाने जोडून एकच कवच तयार केलेले असते. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. अंड्याचे कवच पातळ असूनही भार पेलते, तसेच हे आहे.

उघड्या छपराच्या स्पोर्ट्स कारमध्ये ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कारही मोनोकॉकच होती. तिला पोलादी छप्पर नसल्यामुळे वाकण्याचा सगळा ताण दाराखालच्या पोकळ उंबरठ्यांवर येतो. या उंबरठ्याला सिल म्हणतात. सिल पोखरली गेली तर गाडी मधोमध खचू लागते आणि दारे नीट लागत नाहीत. अपघातात बाजूने धक्का बसला, तर आतल्या माणसाला वाचवणारी तुळईच उरलेली नसते. म्हणून गंज हा केवळ शोभेचा प्रश्न नाही.

गंज म्हणजे एक विद्युतघट

लोखंड गंजते म्हणजे त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, एवढे सांगून आपण पुष्कळदा थांबतो. प्रत्यक्षात ही क्रिया दोन वेगवेगळ्या ठिकाणी चालते. एका जागी लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन म्हणून पाण्यात उतरतो. ही जागा धनाग्र. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना स्वीकारून हायड्रॉक्सिल आयन तयार करतात. ही जागा ऋणाग्र. ओलाव्यातून आयनांची ये-जा होते आणि परिपथ पूर्ण होतो. लोहाचे आणि हायड्रॉक्सिलचे आयन वाटेत भेटले की फेरस हायड्रॉक्साइड बनते. त्याचे पुढे ऑक्सिडीभवन होऊन तांबूस रंगाचे जलयुक्त फेरिक ऑक्साइड, म्हणजे गंज, तयार होतो.

आता प्रश्न असा, की कोणती जागा धनाग्र होणार? पुष्कळांना वाटते की जेथे ऑक्सिजन अधिक तेथे लोखंड अधिक खाल्ले जाईल. घडते ते उलट. जेथे ऑक्सिजन मुबलक पोचतो ती जागा ऋणाग्र होते आणि सुरक्षित राहते. जेथे ओल आहे पण ऑक्सिजन कमी पोचतो ती जागा धनाग्र होते आणि झिजते. चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली नेमकी हीच स्थिती असते. त्यामुळे गंजाचा डाग दिसतो एका ठिकाणी आणि भोक पडते दुसऱ्याच ठिकाणी.

फटीत तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो पत्र्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते. मुंबईच्या समुद्रकाठी काही वर्षे काढून लोणावळ्याच्या बंगल्यावर आलेली गाडी असेल तर या फटींत मीठही साठलेले असते. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते. शिवाय ते हवेतील ओल धरून ठेवते. समुद्र मागे राहिला तरी त्याचे काम चालूच राहते.

रूळ आणि पत्रा

बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावते. रूळाचा माथा चाकांच्या घर्षणाने चकचकीत असतो आणि बाजू तांबूस गंजलेली असते, हे घाटातून जाणाऱ्या कोणालाही दिसेल. मग गंजलेला रूळ चालतो, तर गंजलेली मोटार का चालू नये? उत्तर जाडीत आहे. रूळाचा मधला उभा भाग सुमारे दीड सेंटिमीटर जाड असतो. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींचा अर्धा मिलिमीटर खाल्ला गेला तर रूळाला त्याचा पत्ताही लागणार नाही, पण पत्र्याची निम्मी जाडी गेली. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की हा विरोध एक-अष्टमांशावर येतो.

लांबी भरल्याने काय होते?

पत्र्याला पडलेले भोक बुजवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे त्यावर जाळी किंवा पत्र्याचा तुकडा बसवून वर लांबी भरणे, घासून सपाट करणे आणि रंग देणे. गाडी नवीकोरी दिसते. परंतु लांबी भार घेत नाही. तिच्यात आणि पोलादात बारीक भेग पडली की पाणी आत शिरते, पण हवा मोकळेपणाने पोचत नाही. म्हणजे झाकणाखाली आपणच एक उत्तम धनाग्र तयार केलेले असते. दोन-तीन पावसाळ्यांत रंगावर फोड येतात, आणि तोवर आतला पत्रा आणखी दूरपर्यंत गेलेला असतो.

हे ओळखायला साधा लोहचुंबक पुरतो. लांबीचा जाड थर मध्ये असेल तर चुंबक धरत नाही. बोटाने टकटक केल्यास पत्र्याचा खणखणीत आवाज आणि लांबीचा बद्द आवाज वेगळा कळतो. संशयाच्या जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. चांगला पत्रा टोचला जात नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने या तीन चाचण्या सिल, जमिनीचा पत्रा, चाकावरच्या कमानी आणि दारांची खालची कड येथे अवश्य कराव्यात. या सर्व जागांना पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने व पाचोळ्याने बुजली की पोकळ पेटीची पाण्याची टाकी होते.

कापणे आणि जोडणे

खरी दुरुस्ती कापण्यापासून सुरू होते. गंजलेला भाग चकचकीत, पूर्ण जाडीचा धातू दिसेपर्यंत कापून काढावा लागतो. फॉस्फरिक आम्ल असलेली द्रावणे पातळ गंजाचे लोह फॉस्फेटात रूपांतर करतात. टॅनिन असलेली द्रावणे त्याचे काळे लोह टॅनेट बनवतात. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्याची जुनी रीत याच क्रियेवर आधारलेली होती. पण ही द्रावणे पृष्ठभागावरच्या गंजापुरतीच. गेलेला धातू ती परत आणत नाहीत.

सिल कापण्यापूर्वी गाडीला खालून योग्य ठिकाणी आधार द्यावा लागतो आणि दाराच्या चौकटीत तात्पुरती आडवी पट्टी जोडावी लागते. तसे न केल्यास गाडी थोडी खचते, आणि नवी सिल त्या खचलेल्या स्थितीतच कायमची जोडली जाते.

नवा तुकडा जुन्याच जाडीचा घेऊन, शक्यतो कडेला कड भिडवून जोडावा. एकावर एक चढवून जोडणे सोपे असते, पण त्या दोन पत्र्यांमध्ये नवी फट तयार होते, आणि फट म्हणजे काय ते आपण वर पाहिलेच.

यानंतर येते उष्णता. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. ते एका अंशाने तापले की त्याची लांबी दर दशलक्ष भागांत १२ भागांनी वाढते. म्हणजे एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापली तर १.२ मिलिमीटर वाढेल. मऊ पोलादाची एक मीटरची पट्टी कायमची विकृत न होता साधारण सव्वा मिलिमीटरच दाबली किंवा ताणली जाऊ शकते. आता सांध्याजवळच्या तापलेल्या भागाचा विचार करा. तो वाढू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला वाढू देत नाही. जेमतेम १०० अंशांच्या फरकाने तो स्थितिस्थापकतेच्या मर्यादेशी पोचतो. त्यापुढे तो मऊ होऊन जागच्या जागी जाड होतो. निवताना मात्र तो आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढतो. सपाट पत्रा लाटेसारखा वाकडा होतो, तो यामुळे.

उपाय म्हणजे उष्णता थोडी आणि विखरून देणे. कुशल कारागीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सांधा ओढत नाही. तो आधी दोन-तीन सेंटिमीटरांवर एकेक टाका देतो, मग दोन टाक्यांच्या मध्ये, मग दूरच्या बाजूला, आणि मध्ये पत्रा निवू देतो. पोत्याला टाके घालण्याआधी दाभणाने चार ठिकाणी धरून घेतात, तसेच हे.

पूर्वी हे काम ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने होत असे. ती ३,००० अंशांहून अधिक तापते, पण पत्र्याचा बराच मोठा भाग तापवते. तिचा सांधा मऊ असल्याने हातोडी आणि डॉलीने ठोकून सारखा करता येतो, हा तिचा फायदा. आता गॅरेजांत बहुधा ‘सीओटू वेल्डिंग’ वापरतात. त्यात बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि विजेच्या ठिणगीत वितळते. कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे आरगॉनशी केलेले मिश्रण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. जाड कांडीच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा सहज जळून भोक पडते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवणे आवश्यक आहे. रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. तिच्यातील अतिनील किरणांनी डोळ्यांना इजा होते. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणून जस्त चढवलेला पत्रा जोडताना जस्ताच्या ऑक्साइडचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी ताप येतो.

जोड झाला, पुढे?

वितळजोडाने पत्रा मजबूत होतो, पण त्याच वेळी सांध्याच्या मागच्या बाजूचा रंग जळून उघडे पोलाद तयार होते. ही बाजू पोकळ पेटीच्या आत असते आणि कोणाला दिसत नाही. काम येथे थांबले तर गंज पुन्हा सुरू होतो, तोही नव्या सांध्यापासून. म्हणून जोडाच्या कडांना आधीच जस्तयुक्त प्रायमर लावतात, बाहेरून सांधा लुकणाने बंद करतात आणि शेवटी पेटीच्या आत मेणयुक्त तेल फवारतात. पाण्याची छिद्रे मात्र मोकळी ठेवतात.

येथे एक शंका येईल. लोणावळ्याजवळ आयएनएस शिवाजी येथे १९४५ पासून नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण चालते. जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. मग मोटारीला असा एक ठोकळा लावून भागणार नाही का? भागणार नाही. जहाजाचा तळ आणि ठोकळा एकाच सलग समुद्राच्या पाण्यात असतात. मोटारीवर ओलावा तुटक असतो, त्यामुळे ठोकळ्यापासून दूरच्या जागेचा परिपथ पूर्ण होत नाही. म्हणून जस्त पत्र्यावर सर्वत्र थर म्हणूनच असावे लागते.

पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून ठेवणेही चुकीचे. त्याने आतली ओल आतच राहते. वरून छप्पर आणि बाजूंनी वारा, अशी पडवी कोंदट गॅरेजपेक्षा बरी.

वर्गात करून पाहण्यासाठी

१०० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे आणि पोटॅशियम फेरिसायनाइडच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब टाका. पॉलिश कागदाने घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर या द्रावणाचा मोठा थेंब ठेवा आणि काही वेळ निरीक्षण करा. निळा रंग म्हणजे लोहाचे आयन, म्हणजे धनाग्र. गुलाबी रंग म्हणजे हायड्रॉक्सिल आयन, म्हणजे ऋणाग्र. सुरुवातीला दोन्ही रंग विखुरलेले दिसतात. नंतर थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होते. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्याशी पोचत नाही. फेरिसायनाइडमध्ये आम्ल मिसळू नये आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

दुसरा प्रयोग खिळ्यांचा. याच द्रावणात चायना ग्रास उकळून ते बशीत ओता. थिजण्यापूर्वी त्यात तीन खिळे ठेवा: एक मध्ये वाकवलेला, एक तांब्याची तार गुंडाळलेला आणि एक जस्ताची पट्टी घट्ट बांधलेला. दुसऱ्या दिवशी निळा रंग कोठे आहे ते विद्यार्थ्यांना वहीत काढायला सांगा. वाकवलेल्या जागी निळा रंग का, आणि जस्त बांधलेल्या खिळ्याजवळ तो का नाही, याची उत्तरे त्यांनाच शोधू द्या.

मावळातील शाळांना तिसरे काम घराजवळच करता येईल. जस्त चढवलेल्या पत्र्यांच्या छपराचे निरीक्षण करा. गंज प्रथम कोठे दिसतो: मोकळ्या पृष्ठभागावर, खिळ्याच्या भोकाशी, की एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तेथे? पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर अशा दोन नोंदी ठेवल्या, तर गंज फटीत का शिरतो हे विद्यार्थ्यांना त्यांच्याच नोंदींवरून कळेल.