दुसऱ्या गाण्याचे नशीब

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी एक संवाद दरवर्षी न चुकता होतो. आमच्या सौ. चकल्यांचा डबा पुढे ठेवतात, मी एक चकली मोडून तोंडात टाकतो आणि नकळत बोलून जातो, "छान आहे; पण मागच्या वर्षीसारखी नाही झाली." त्यावर त्या शांतपणे म्हणतात, "मागच्या वर्षी तुम्ही त्याच्या मागच्या वर्षीबद्दल हेच म्हणाला होतात."

आजवर हे मी हसण्यावारी नेत असे. यंदा मात्र त्यातले मर्म मला उमगले. मागच्या वर्षीची चकली केव्हाच संपलेली असते. तिच्यात मीठ जास्त पडले होते की मोहन कमी, हे आता कोणालाही तपासता येत नाही. संपलेल्या चकलीत खोट काढता येत नाही, आणि डब्यातल्या बिचाऱ्या चकलीची गाठ नेमकी तिच्याशीच पडते!

गाण्यांचेही असेच असते, हे मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवले. शिकलो मी, फी मात्र त्याने भरली.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. हा मुलगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता, येरमाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातला. आजी येडेश्वरीची आराधीण. त्यामुळे गाणे घरातलेच. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत त्याने करवल्यांची थट्टा करणारे एक गाणे रचले आणि हलगीच्या ठेक्यावर स्वतःच म्हटले. मित्राने ते मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकले. महिनाभरात कळंबपासून उमरग्यापर्यंत वरातींतून ते वाजू लागले. ऐकणाऱ्यांचा आकडा लाखाच्या पुढे गेला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा रस्त्याने निघाला, की पोरेटोरे त्याच्या मागे धावत.

तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आता दुसरं कसं करू?"

मी ऐटीत सल्ला दिला, "लोकांना जे आवडलं तेच दे. ठेका तोच ठेव, करवल्या तशाच नाचू देत. शब्द तेवढे बदल."

त्याने माझे ऐकले. वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतले चाळीस हजार रुपये काढून दिले. सोलापूरहून कॅमेरावाला आला, आकाशातून चित्रे घेणारा ड्रोन आला, नाचणाऱ्या मुली आल्या. गाणे बाहेर पडले आणि जागच्या जागी बसले. हजार लोकांनीही ते ऐकले नाही. पारावरची माणसे विचारू लागली, "काय गायक, दुसरं पडलं म्हणं?" पोरगा कॉलेजात यायचा बंद झाला.

अध्यापकाला स्वतःची चूक टोचू लागली, की तो पुस्तकांत तोंड लपवतो. मी गाण्यांच्या इतिहासात शिरलो. तिथे दिसले, की या वाटेवर ठेचकाळलेला आमचा पोरगा काही पहिला नव्हे.

१९७४ साली लंडनमध्ये आपल्या बंगलोरचा बिद्दू अप्पय्या हा संगीतकार एक ध्वनिमुद्रिका तयार करीत होता. गायक होता जमेकात जन्मलेला कार्ल डग्लस. मुख्य गाणे झाले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवे म्हणून उरलेल्या थोड्या वेळात 'कुंग फू फायटिंग' हे गाणे घाईघाईने उरकण्यात आले. पाठीमागे घातलेले हे गाणेच पुढे निघाले! त्याच वर्षी ते ब्रिटनमध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मग लगोलग दुसरे गाणे काढले. त्याचे नाव काय, तर 'डान्स द कुंग फू'. ब्रिटनमध्ये ते ३५ व्या क्रमांकाच्या वर चढले नाही. पहिले सहज झाले होते; दुसरे पहिल्याकडे बघत बघत केले होते.

त्याहून मौजेची कथा 'माकारेना'ची. स्पेनमधले दोन प्रौढ गवई कित्येक वर्षे एकत्र गात आले होते. त्यांच्या या गाण्याची नवी आवृत्ती १९९६ साली अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. नाताळ जवळ येताच तेच गाणे नाताळचा साज चढवून पुन्हा बाजारात आले. ते ५७ व्या क्रमांकापर्यंत कसेबसे पोहोचले. बारशाला शिवलेले अंगडे मुंजीत घालायला काढावे, तसा हा प्रकार झाला.

वाचक म्हणतील, हे सारे परक्या बाजारातले. आपल्या रसिक महाराष्ट्राचे काय? तर आपल्या घरातलेच, आणि तेही थोरामोठ्यांचे उदाहरण घेऊ.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाला आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला गीत लिहावे आणि सुधीर फडक्यांनी त्याला चाल द्यावी, असे वर्षभर चालले. एकंदर ५६ गीते झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून माणसे ऐकायला बसत, असे माझे आजोबा सांगत. पुढे याच माडगूळकरांनी कृष्णचरित्रावर 'गीतगोपाल' लिहिले. त्याला चाली दिल्या सी. रामचंद्र यांनी, म्हणजे ज्यांच्या 'अनारकली'च्या गाण्यांनी १९५३ साली अवघा देश डोलला होता, त्यांनी. आणि स्वतः त्याचे जाहीर कार्यक्रमही केले. कवी तोच, संगीतकार तितकाच तोलामोलाचा, आणि नायक तर लोणी चोरून घराघरांत शिरलेला! तरीही गीतरामायण जसे घराघरांत गेले, तसे गीतगोपाल गेले नाही. आज दहा घरांत विचारा. गीतरामायण नऊ घरांना ठाऊक असेल, गीतगोपाल एखाद्याच घराला.

माडगूळकरांची लेखणी मधल्या काळात बोथट झाली होती काय? मुळीच नाही. गीतगोपाल रामाची नक्कलही करीत नव्हते; त्याची प्रकृती वेगळी, चाली वेगळ्या. म्हणजे नक्कल केली तरी दुसरे गाणे पडते आणि न केली तरी पडू शकते. मग खोट कोठे असते? मला वाटते, पुष्कळ वेळा ती ऐकणाऱ्याच्या कानात असते. गीतरामायणाभोवती आजोबांची उदबत्ती होती, सकाळचा चहा होता, आईची लगबग होती. हे सगळे घेऊन ते आठवणीत जाऊन बसले. गीतगोपाल केवळ गाणे होते, आणि गाण्याने आठवणीशी लढायचे म्हणजे डब्यातल्या चकलीने मागच्या वर्षीच्या चकलीशी लढण्यासारखेच.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. बिद्दू कुंग फूपाशी अडकून राहिला नाही. १९८० साली 'कुर्बानी'त नाझिया हसन या शाळकरी वयाच्या मुलीकडून त्याने 'आप जैसा कोई' गाऊन घेतले आणि १९९५ साली अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' केले. गळा नवा, भाषा नवी, श्रोता नवा. आपल्याकडचे उदाहरण तर थेट वरातीतलेच आहे. कॅसेटच्या काळात आनंद शिंदे यांचा 'नवीन पोपट' गावोगाव बोलू लागला. एवढा मोठा पोपट खांद्यावर बसला, की माणसाला दुसरे काही सुचू नये. पण प्रल्हाद शिंद्यांचा हा मुलगा गातच राहिला. भीमगीते गायली, लोकगीते गायली. आणि २००६ साली 'जत्रा' चित्रपटात अजय-अतुल यांच्या चालीवर वैशाली सामंत यांच्यासह त्याने म्हटलेली 'कोंबडी पळाली' पुन्हा साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. २०१२ साली तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन हिंदीत गेली. पोपटामागून दुसऱ्याच दिवशी कोंबडी आली नाही. मधली कित्येक वर्षे गाणे चालू होते, म्हणून ती आली.

हे सारे डोक्यात घोळत असताना नवरात्रात मी तुळजापूरला गेलो. एका ओळखीच्या घरी गोंधळ होता. संबळ कडाडले, तुणतुणे लागले, दिवटी पेटली आणि गोंधळ्याने गावोगावच्या देवांना नावे घेऊन बोलावणे सुरू केले. त्याच्या बापाने हेच म्हटले होते, आज्याने हेच म्हटले होते. परंतु 'मागच्या खेपेसारखे नाही झाले' असे कोणी म्हटले नाही. मला नवल वाटले. मग ध्यानात आले, की इथे मागचा गोंधळ कोणी जपून ठेवलेला नाही. तो त्या रात्रीबरोबर विझला. आजचा गोंधळ आजच्या देवीसाठी, आजच्या यजमानासाठी. गाणे तबकडीवर उतरले, नंतर फितीवर आणि मग मोबाईलमध्ये गेले, तेव्हापासून पहिले गाणे कायमचे दारात उभे राहू लागले, आणि दुसऱ्याला आत शिरायचे तर त्याच्या बगलेखालून वाकून शिरावे लागू लागले.

परतताना मी वाट वाकडी करून त्या मुलाच्या गावी गेलो. तो ओट्यावर सोयाबीन पाखडत होता. मला बघून उठला. वडील म्हणाले, "सर, त्याला काही बोलू नका. पैशाचं काय, पुढल्या सालीबी सोयाबीन हायच." हे ऐकून मला अधिकच शरमल्यासारखे झाले.

मी मुलाला म्हटले, "तुझं ते दुसरं गाणं म्हणून दाखव."

तो चमकला. "सर, तुम्ही ऐकलंच असेल की."

इथे मला कबुली द्यावी लागली. मी ते ऐकले होते, पण अर्धेच. ठेका ऐकला, 'पहिल्यासारखे नाही' असे मनाशी म्हटले आणि बंद केले. ज्याने 'पहिल्यासारखेच कर' असा सल्ला दिला, त्यानेही ते शेवटपर्यंत ऐकले नव्हते. हजाराच्या आतल्या त्या श्रोत्यांत किती जण माझ्यासारखे अर्धे श्रोते होते, कोण जाणे!

हलगी नव्हती, कॅमेरा नव्हता. सूप बाजूला ठेवून तो गायला लागला. पहिली दोन कडवी करवल्यांची, माझ्या सल्ल्याबरहुकूम. तिसऱ्या कडव्यात मात्र वरात पुढे निघून जाते आणि मांडवात एकटी आई उरते. ती लेकीच्या विसरलेल्या चपला उचलून घरात ठेवते. एवढेच. चाल तीच, पण तो ती सावकाश म्हणत होता. आत चुलीपाशी बसलेली आजी हातातले काम थांबवून दारात आली.

मी विचारले, "हे कडवं शेवटी का टाकलंस?"

"तुम्हीच म्हणलात ना सर, करवल्या पुढं ठेव."

यावर मी काय बोलणार? चाळीस हजार परत येणार नव्हते, आणि ते कडवे पुढे घेतले असते तर गाणे चालले असते, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी एवढेच म्हणालो, "सोमवारपासून वर्गात ये. आणि तिसरं गाणं केलंस, तर मला विचारू नकोस; नुसतं ऐकव."

तो आला. शेवटच्या बाकावरच बसतो. तिसरे गाणे अजून झालेले नाही आणि मीही त्याला घाई करीत नाही.

यंदाची चकली काल झाली. सौ. डबा पुढे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी अख्खी चकली खाल्ली, मग आणखी एक खाल्ली, आणि म्हटले, "तिखट किंचित जास्त झालंय."

त्या खुदकन हसल्या. म्हणाल्या, "चला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरची चकली खाल्लीत!"